अकराचा ताळा

एकापुढे एक असे सतरा एक लिहायला दहा सेकंद लागतात. त्या संख्येला भागणारी संख्या शोधण्यात माझ्या वडिलांची निवृत्तीनंतरची पंधरा वर्षं गेली. शेवटी ती एका कोचिंग क्लासच्या संचालकाने शोधली. गळ्यात हार असताना, फोनवर, टाळ्यांच्या कडकडाटात. यात संचालकाचा दोष नाही. दोष कोणाचा, ते मला ठाऊक आहे, आणि तो लिहून ठेवण्याइतपत प्रामाणिकपणा अजून शिल्लक आहे असं धरून चालते.

बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात ऑपरेटर होते. तासातासाला मीटरवरचे आकडे पाहायचे, लॉगशीटवर उतरवायचे आणि पुढच्या तासाची वाट पाहायची, अशी नोकरी. त्या वाट पाहण्यात इतर लोक तंबाखू मळायचे, युनियनचं राजकारण करायचे. बाबा संख्या फोडायचे. फोडायची म्हणजे तिला कशाने भाग जातो ते काढायचं. आमच्या घरात संख्या एक तर फुटायची, नाहीतर फुटायची नाही. मूळ संख्या हा शब्द मला शाळेत गेल्यावर कळला.

नुसत्या एकांनी बनलेल्या संख्यांचा त्यांना विशेष नाद होता. दोन एक म्हणजे अकरा, ती फुटत नाही. तीन एक म्हणजे एकशे अकरा, ती तीनने फुटते. एकांची संख्या सम असली की अकराने भाग जातोच, त्यामुळे चार, सहा, आठ, दहा यांत त्यांना रस नव्हता. पाच एक एकेचाळीसने फुटतात, सात एक दोनशे एकोणचाळीसने. अकरा एकांनी त्यांना बराच त्रास दिला. ते एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासने फुटतात हे सापडलं त्या दिवशी घरी जिलेबी आली. कशाबद्दल, ते आईला शेवटपर्यंत समजलं नाही. तेरा एक त्रेपन्ननेच फुटले. “मजा नाही आली,” बाबा म्हणाले.

मग सतरा. तिथे ते निवृत्तीपर्यंत अडले आणि निवृत्तीनंतर ठाण मांडूनच बसले. एका जुन्या बीजगणिताच्या पुस्तकात त्यांना एक नियम सापडला होता: सतरा एकांना भाग गेलाच तर तो अशाच मूळ संख्येने जाईल, जिला चौतीसने भागल्यावर एक उरतो. म्हणजे एकशे तीन, एकशे सदतीस, दोनशे एकोणचाळीस, आणि असं पुढे पुढे. चौतीस मिळवत जायचं, तीन-सात-अकराने भाग जाणाऱ्या संख्या तोंडीच गाळायच्या, उरलेल्यांनी भागून पाहायचं. रोज चार-पाच. गहू निवडावेत तसं.

आई गेल्यावर ते माझ्याकडे नागपूरला राहायला आले. मी कॉलेजात मराठी शिकवते, एकटी राहते, आणि त्या काळात मला प्रत्येक गोष्टीचं उत्तर फोनमध्ये शोधायची सवय लागलेली होती. पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, “बाबा, हे एका मिनिटात कळेल. बघू का?”

“कोणाले तरी ठाऊक असंनच वं जगात,” ते म्हणाले. “मले नाही ना ठाऊक.”

मग त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं की मी बघणार नाही. मी बघितलं नाही. हे वचन मी पाळलं, आणि पाळलं नसतं तर पुढचं काही घडलं नसतं. ती संख्या आली त्या दिवशी मी सावध असते.

त्यानंतर काचबिंदूने त्यांची नजर खाल्ली. माणसांचे आकार दिसायचे, अक्षर दिसत नव्हतं. वही माझ्याकडे आली. पाच वर्षं, रोज पाच वाजता, चहा झाला की ते खुर्चीत ताठ बसायचे आणि म्हणायचे, “लिही.” पुढची संख्या त्यांच्या डोक्यात तयार असायची. ते सांगायचे, मी लिहायची, भाग द्यायची, आणि भागाकार व बाकी मोठ्याने वाचून दाखवायची. मी चुकू नये म्हणून ताळा असायचा. नवाचा ताळा हा जुन्या शाळांमधला प्रकार: संख्येतल्या अंकांची बेरीज करायची, त्या बेरजेची पुन्हा बेरीज, एकच अंक उरेपर्यंत. संख्या लिहून झाली की ते विचारायचे, “ताळा?” मी वहीत पाहून सांगायची, तोवर त्यांनी डोक्यात केलेला असायचा. दोन्ही जुळले की पुढे. भागाकार झाला की पुन्हा ताळा. पाच वर्षांत त्यांनी माझ्या शेकड्याने चुका पकडल्या. “झोपली का वं?” असं ते विचारायचे, आणि बरेचदा मी खरंच झोपेला आलेली असायची. दिवसभर मुलांना अलंकार शिकवल्यावर कोणालाही येते.

याच काळात शाळेच्या पाठ्यपुस्तकात संख्या नव्या पद्धतीने वाचायला सांगितल्या होत्या. एकवीस नाही, वीस एक. एकाहत्तर नाही, सत्तर एक. मुलांना जोडाक्षरं जड जातात, आणि एकाहत्तर ऐकताना आधी एक ऐकू येतो पण लिहायचा असतो आधी सात, म्हणून. महाराष्ट्रभर हशा पिकला. त्यात माझा वाटा होता. मी एका दैनिकाला पत्र लिहिलं, त्यात कवितेतल्या ‘सोळा शृंगारां’चं ‘दहा सहा शृंगार’ करून दाखवलं आणि शेवटी विचारलं की आता साठी बुद्धी नाठी झालेल्या तज्ज्ञांचं वय साठ शून्य असं वाचायचं का. पत्र चौकटीत छापून आलं. स्टाफरूममध्ये लोकांनी मोठ्याने वाचलं. मुळात सोळा हा शब्द बदललेलाच नव्हता, पण हे कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि माझ्या लक्षात आलं तेव्हा पत्र छापून झालेलं होतं.

बाबांना मी ते वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“पण लिहाले सोपं आहे वं ते,” ते म्हणाले. “जसं बोललं तसं लिहिलं.”

मी त्यांना भाषेच्या सौंदर्याबद्दल, परंपरेबद्दल, नादाबद्दल सांगितलं. बराच वेळ सांगितलं.

“बरं,” ते म्हणाले. “लिही.”

एका संध्याकाळी ते म्हणाले, “लिही. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस.” आणि एकदम थांबले. “सातशे तेवीस! काहून वं, ओळखलं का?”

“क्वार्टर नंबर,” मी म्हणाले. वीज केंद्राच्या कॉलनीत आम्ही सातशे तेवीसमध्ये राहायचो.

“त्याच्या नळाले कधी पाणी आलं होतं का?”

“यायचं ना. तुम्ही ड्युटीवर गेले की यायचं. घरी आले की जायचं.”

“आन् ती बकरी?”

आईने अंगणात भिवापुरी मिरची लावली होती. शेजाऱ्यांच्या बकरीने ती खाल्ली आणि कॉलनीभर ओरडत फिरली. शेजारी भांडायला आले की आमच्या मिरचीने त्यांच्या बकरीला त्रास झाला. बाबांनी त्यांना आत बोलावून त्याच मिरचीचा ठेचा वाढला. हे सगळं आम्ही पुन्हा एकदा एकमेकांना सांगितलं. बाबा हसून हसून खोकायला लागले. मी पाणी आणलं.

“ताळा?” घोट घेत त्यांनी विचारलं.

मी वहीत पाहिलं. “चार.”

“माहाही चार. चाल, भाग.”

मी भागलं. बाकी उरली: बारा लाख पंच्याऐंशी हजार पाचशे एकोणसाठ. भागाकाराचे अंक मिळवले तर पंचेचाळीस. ताळे जुळले.

“घ्या,” बाबा म्हणाले. “आपलाच क्वार्टर आपल्या कामी नाही आला. पुढचा.”

त्यानंतर दीड वर्षाने निवृत्त कर्मचाऱ्यांच्या एका मंडळाला शोध लागला की आपल्यात एक गणिती आहे. मंडळाचे सचिव आमच्याकडे येऊन गेले. बाबांनी त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. सचिवांनी ते मन लावून ऐकलं आणि जाऊन कार्यकारिणीला सांगितलं की यांनी जगातली सगळ्यात मोठी संख्या शोधली आहे. सत्कार ठरला. सकाळी अकराची वेळ होती, म्हणजे साडेबारा.

व्यासपीठामागच्या फ्लेक्सवर ‘ज्येष्ठ गणितमहर्षी यांचा भव्य हृद्य सत्कार’ असं होतं. भव्य आणि हृद्य एकाच वेळी कसं असतं ते मंडळाला माहीत. खाली सोनेरी रंगात ती संख्या. बाबांना फक्त पिवळा पट्टा दिसत होता.

“बरोबर लिहिलं ना वं? मोज बरं.”

मी मोजले. “अठरा आहेत.”

“मंग तिले नवानंच भाग जाते. एक पुसाले सांग कोणाले.”

मी सांगायला गेले. स्वागताध्यक्ष म्हणाले, मॅडम, एकाने काय फरक पडतो.

प्रमुख पाहुणे म्हणजे तो संचालक. शहरातल्या अर्ध्या होर्डिंगवर त्याचे हात बांधलेले फोटो आहेत. तो उशिरा आला, बाबांच्या पाया पडला, पडताना फोटोसाठी जरा थांबला, आणि भाषणात म्हणाला की गणित ही साधना आहे आणि त्याच्याकडे नवीन बॅच एक तारखेला सुरू होते. मग शाल झाली, श्रीफळ झालं. मे महिना होता आणि शाल लोकरीची होती. सचिवांनी बाबांना माइकपाशी आणलं. बाबांनी अगदी थोडक्यात सांगितलं: सतरा एक, चौतीसचा नियम, आपण बावीस लाखांच्या पुढे आलो, अजून फुटली नाही, पण फुटेल. “मले वाटते, माह्या हातानं फुटंन.” त्या हॉलमध्ये तेवढी दोन मिनिटं कोणी वेफर्सचं पाकीट फोडलं नाही.

संचालक खुर्चीतून उठला. मी त्याच्या हातातला फोन पाहिला आणि मला कळलं. मी हात वर केला. कशासाठी, कोण जाणे. वर्गात मुलं करतात तसा.

“काका, एक मिनिट, हे आपण लाइव्ह करू,” तो म्हणाला. “वन, वन, वन... सेवंटीन टाइम्स. अरे वा! काका, बधाई हो! फुटली तुमची संख्या!” आणि त्याने दुसऱ्या माइकवर वाचून दाखवलं: “टू, झिरो, सेवन, वन, सेवन, टू, थ्री.”

टाळ्या पडल्या. बाबांचा चेहरा वर झाला. ते तोंडातल्या तोंडात आकडे लावत होते.

“वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस,” ते माइकवर म्हणाले. “नाही. हा तं झाला आपला. याची बाकी उरते.”

“काका, फोन खोटं बोलत नाही,” संचालक हसून म्हणाला. लोकही हसले.

“माही पोरगीही नाही बोलत,” बाबा म्हणाले. “सातशे तेवीस. तो आमचा क्वार्टर होता. चांगला ध्यानात आहे माह्या. तुमच्या फोनले सांगा पुन्हा कराले.”

आता लोक मोकळेपणाने हसायला लागले. म्हातारा भारी आहे, असं मागून कोणीतरी म्हणालं. सचिवांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना हळूच माइकपासून दूर केलं. आभारप्रदर्शनात या प्रसंगाचा उल्लेख ‘खेळीमेळीचे वातावरण’ असा झाला.

घरी येताना ऑटोत ते एकच वाक्य बोलले. “त्या लेकाले भागाकार येत नाही.”

मला ती बकरी आठवत होती.

ते हातपाय धुवायला गेले तेवढ्यात मी दीड वर्षापूर्वीची वही काढली. पान सापडायला वेळ लागला नाही. माझ्या सुवाच्य अक्षरात, वर भाजक: २०१७७२३. वीस लाख सतरा हजार सातशे तेवीस. बाबा म्हणाले होते एकाहत्तर. कानाने आधी ‘एक’ ऐकला, हाताने आधी एक लिहिला, मग ‘हत्तर’ आला, हाताने सात लिहिला. अंक तेच, जागा बदललेल्या. अंकांची बेरीज तीच, म्हणून नवाचा ताळा चारच. खाली दहा पायऱ्यांचा भागाकार होता, एकही चूक नसलेला, दुसऱ्याच संख्येचा. आदल्या भाजकापेक्षा हा पन्नास हजारांनी लहान आहे, हे दुसरीतल्या मुलालाही दिसलं असतं. मी मराठीची प्राध्यापक आहे.

सत्तर एक म्हटलं असतं तर मी ७१ लिहिलं असतं.

“आण वही,” बाबा खुर्चीत बसत म्हणाले. शाल अजून अंगावर होती. “वाच बरं तो.”

मी ठरवलं. मी वाचलं: “वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस.” आवाज चांगला लागला.

“बाकी?”

“बारा लाख पंच्याऐंशी हजार पाचशे एकोणसाठ.”

“ताळा?”

“चार.”

त्यांनी मान हलवली. त्यांचं समाधान झालं होतं. मी वही मिटणार होते. मिटायला हवी होती.

“अकराचाही घेऊन टाक,” ते म्हणाले. “उद्या कोणी इचारलं तं.”

अकराचा ताळा आम्ही कधी घ्यायचो नाही. त्याला वेळ लागतो. उजवीकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा, पुन्हा मिळवायचा, पुन्हा वजा. उत्तर अकराच्या वर गेलं तर अकरा काढायचे, शून्याच्या खाली गेलं तर अकरा मिळवायचे. त्यात अंकांच्या जागा मोजल्या जातात. मी पानावर बोट ठेवून मोजायला लागले. तीनातून दोन गेले एक. सात मिळवले, सात गेले, एकच. एक मिळवला दोन, शून्य गेलं, दोन मिळवले.

“चार,” मी म्हणाले.

त्यांनी डोक्यात पुन्हा केला. बोटं हलत होती.

“माहे पाच येऊन राहिले,” ते म्हणाले.

मी नीट विचार केला असता तर पाच म्हणाले असते. पण मी पाहून सांगितलं होतं. तोंडाने एक संख्या वाचली आणि बोट दुसऱ्या संख्येवर होतं. खोटं बोलायलाही ताळा लागतो, तो मी घेतला नव्हता.

“काय लिहिलं हाये तिथं?” त्यांनी विचारलं. “एक एक आकडा सांग.”

मी सांगितलं. दोन, शून्य, एक, सात, सात, दोन, तीन.

कोपऱ्यात कूलर चालू होता. बाबा माझ्याकडे पाहत होते, म्हणजे मी जिथे होते त्या बाजूला.

“म्हणजे त्या पोराचा फोन बरोबर होता.”

“हो.”

“आन् मी तिथं सगळ्याइच्यासमोर...” ते थांबले. “काहून वं? आता वाचताना काहून बदललं?”

चूक त्यांनी समजून घेतली असती. पाच वर्षं माझ्या चुका त्यांनीच दुरुस्त केल्या होत्या. वाचताना बदलली ती चूक नव्हती.

“ही शाल काढ,” ते म्हणाले. “गरम होऊन राहिलं.”

चार दिवस त्यांनी वही मागितली नाही. चहा प्यायचे आणि खिडकीकडे तोंड करून बसायचे. त्या चार दिवसांत मी फोनवर सगळं पाहून घेतलं, आता कशाचं वचन उरलं होतं? अठरा एक फुटतात, ते फ्लेक्सवरून माहीत होतं. वीस फुटतात. एकवीस, बावीस फुटतात. मध्ये एकोणीस आहेत. एकोणीस एक कशानेही फुटत नाहीत. ती मूळ संख्या आहे, कोणत्याही वयाच्या कोणत्याही माणसाने कितीही वर्षं भागली तरी.

पाचव्या दिवशी चहा संपल्यावर ते ताठ बसले.

“वही घे. नवीन. एकोणीस लिही वर.”

मी एकोणीस एक लिहिले. दोनदा मोजले. सांगावं असं तोंडात आलं होतं. पण मी काही सांगितलं तर ते त्याचा ताळा कशाने घेणार होते?

“आता अडतीसनं भागून एक उरला पायजे,” ते म्हणाले. थोडा वेळ ओठ हलले. मग त्यांनी माझ्याकडे तोंड केलं आणि लहान मुलाला सांगावं तसं एकेक शब्द तोडून म्हणाले, “लिही. एकशे, नव्वद, एक.”

मी १९१ लिहिलं.

“ताळा?”

“दोन.”

“अकराचा सांग.”

मी बोट ठेवून मोजलं. “चार.”

“माहाही चार,” ते म्हणाले. “चाल, भाग.”